तीन पत्ते अडवायला गेले आणि जगातून यूट्यूब गेलं

शुक्रवार, २२ फेब्रुवारी २००८. पाकिस्तानच्या दूरसंचार प्राधिकरणाचा एक आदेश तिथल्या इंटरनेट कंपन्यांच्या हातात पडला. यूट्यूबवरच्या एका व्हिडिओमुळे धर्माचा अवमान होतो, तो देशात दिसता कामा नये, असा त्याचा आशय. आदेशात व्हिडिओच्या पानाचा दुवा होता आणि सोबत यूट्यूबचे तीन आयपी ॲड्रेस: २०८.६५.१५३.२३८, २०८.६५.१५३.२५१ आणि २०८.६५.१५३.२५३.

दोनच दिवसांनी, रविवारची रात्र सरून आपल्या घड्याळात १२ वाजून १७ मिनिटं झाली असताना, यूट्यूब जगाच्या मोठ्या भागातून दिसेनासं झालं. पूर्ववत व्हायला सव्वादोन तास लागले.

रोखायचा होता एक व्हिडिओ. त्यासाठी पत्ते दिले तीन. ते अडवायला गठ्ठा उचलला २५६ पत्त्यांचा. आणि त्याची झळ गेली पाकिस्तानची सरहद्द ओलांडून कुठल्या कुठे.

मी राउटर सांभाळण्याचं काम करतो. आमची कंपनी छोटी, दोन-तीन तालुक्यांत घरोघरी फायबर पोचवणारी. नवा मुलगा कामावर आला की पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर हेच प्रकरण मांडतो. ‘आयपी ॲड्रेस म्हणजे कॉम्प्युटरचा घर नंबर’ एवढं तो कॉलेजातून पाठ करून आलेला असतो. दारावरची पाटी एकदा ठोकली की गावाने काहीही म्हटलं तरी तिथेच राहते. आयपी ॲड्रेसचं तसं नाही. तुमचा पत्ता तुमचे शेजारी, त्यांचे शेजारी आणि त्यांचेही शेजारी पुढे काय सांगतात, त्यावर तो जगतो. त्या रात्री यूट्यूबचे सर्व्हर ठणठणीत होते, केबल शाबूत होत्या, पत्तेही तेच होते. ते पत्ते पाकिस्तानात आहेत असं जगाच्या कानावर गेलं होतं, एवढंच.

२०८.६५.१५३.२३८ उघडून बघू

ठिपक्यांनी तोडलेले चार आकडे ही माणसांची सोय. मशीनपुढे असते ती ३२ बिटांची (बिट म्हणजे ० किंवा १) एक सलग ओळ:

११०१०००० ०१०००००१ १००११००१ १११०१११०

प्रत्येक तुकडा आठ बिटांचा, म्हणून ठिपक्यांमधला कुठलाच आकडा २५५ च्या पुढे जात नाही. (मालिकेतल्या हॅकरच्या पडद्यावर ३१५ ने सुरू होणारा ॲड्रेस झळकला की आमच्या घरात मी एकटाच हसतो.) ३२ बिटांत साधारण ४२९ कोटी पत्ते मावतात. १९८१ मध्ये ही रचना कागदावर आली तेव्हा ते वारेमाप वाटले असणार. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. १२८ बिटांची नवी आवृत्ती त्यासाठीच आहे, पण आपलं प्रकरण जुन्या ३२ बिटांचं, तेव्हा तिथेच राहू.

तुमच्या मोबाइलला घरच्या वायफायवर दिसणारा १९२.१६८ वाला पत्ता या हिशोबात धरायचा नाही. तो घरातला. बाळू, ताई, छोटी ही नावं घरात चालतात, आधार कार्डावर चालत नाहीत, तसा. लाखो घरांत तोच आकडा सुखाने नांदतो. पॅकेट, म्हणजे नेटवरून जाणारी माहितीची एक पुडी, घराबाहेर पडताना राउटर त्यावरचा घरगुती पत्ता काढून सार्वजनिक पत्ता चिकटवतो. आमच्यासारख्या छोट्या कंपन्या तर हल्ली एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच घरांना मिळून वापरायला देतात.

असो. त्या ३२ बिटांपैकी डावीकडची किती बघायची, यावर सगळा खेळ आहे. पिनकोडशी ताडून बघा. ४११०३० मधला पहिला ४ बघितला तर महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड एवढा मुलूख हाताशी येतो. ४११ बघितलं की पुणे. सगळे सहा आकडे बघितले की सदाशिव पेठ. आयपी ॲड्रेसमध्येही तेच, फक्त बिटांच्या भाषेत. यूट्यूब तेव्हा आपला गठ्ठा जगाला सांगत असे तो असा: २०८.६५.१५२.०/२२. तिरक्या रेघेनंतरचे २२ म्हणजे डावीकडची २२ बिटं पक्की, उरलेली १० मोकळी. दहा मोकळ्या बिटांतून १०२४ पत्ते होतात, २०८.६५.१५२.० पासून २०८.६५.१५५.२५५ पर्यंत. /२४ म्हटलं की मोकळी बिटं आठ, पत्ते २५६. /२५ म्हटलं की १२८. रेघेनंतरचा आकडा वाढतो तसा गठ्ठा लहान होतो; हे नव्या मुलाच्या डोक्यात हमखास उलटं बसतं आणि दोन दिवस हलत नाही.

आता राउटर. पॅकेट आलं की तो त्यावरचा ‘कुठे जायचंय’ हा पत्ता वाचतो आणि आपल्या यादीत त्याला लागू पडणाऱ्या नोंदी शोधतो. एकाहून जास्त सापडल्या तर सगळ्यात बारीक गठ्ठ्याची नोंद जिंकते. टपालाच्या वर्गीकरणात ‘४११’ चा एक कप्पा आहे आणि शेजारी ‘४११०३०’ चा वेगळा कप्पा आहे असं समजा, तर सदाशिव पेठेचं पत्र दुसऱ्या कप्प्यातच पडणार. ज्याने पत्ता जास्त नेमका सांगितला, त्याला जास्त माहिती असणार, असा यामागचा हिशोब. एरवी अगदी शहाणा नियम आहे. कोणाचा कप्पा जुना, कोणाचा मोठा, कोणाचा मानाचा, काही बघत नाही. बारीक असला की झालं.

दवंडी

राउटरची ही यादी कोणी बसून हाताने भरत नाही. २००८ च्या सुरुवातीला तीत अडीच लाखांच्या आसपास नोंदी होत्या, आज दहा लाखांच्या घरात आहेत.

इंटरनेट म्हणजे हजारो स्वतंत्र नेटवर्कांचा मेळा. प्रत्येक नेटवर्कला एक क्रमांक असतो. या प्रकरणातले तीन लक्षात ठेवा: यूट्यूब ३६५६१, पाकिस्तान टेलिकॉम १७५५७, आणि पाकिस्तान टेलिकॉमला बाहेरच्या जगाशी जोडणारी हाँगकाँगची पीसीसीडब्ल्यू ग्लोबल ३४९१. ही नेटवर्कं बीजीपी नावाच्या बोलीत एकमेकांना सांगत असतात, की अमुक पत्ते माझ्याकडे आहेत. आमच्या धंद्यात याला ‘अनाउन्स करणं’ म्हणतात. मुलांना मी दवंडी म्हणून सांगतो. ३६५६१ ने दवंडी पिटली: २०८.६५.१५२.०/२२ माझ्याकडे. शेजारच्या नेटवर्कने ऐकली, तीत आपला क्रमांक गुंफला आणि पुढच्या गावात पिटली. त्याने पुढे. दवंडी कुठल्या कुठल्या गावांतून आली त्या क्रमांकांची माळ तिच्यासोबत चालत राहते. एकाच गठ्ठ्याच्या दोन दवंड्या कानावर आल्या तर राउटर आधी मालकाने घालून दिलेले नियम बघतो. पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाकडून आलेला रस्ता बहुतेक जण वरचढ धरतात. तिथे बरोबरी झाली की आखूड माळ जिंकते.

पण ही तुलना कधी होते? गठ्ठा तोच असेल तेव्हाच. गठ्ठे वेगळे असतील तर दोन्ही नोंदी यादीत शेजारी शेजारी बसतात आणि पॅकेट आलं की बारीक गठ्ठा बाजी मारतो. माळ कितीही लांब असो. या एका वाक्यावर पुढचं सगळं उभं आहे. फळ्यावर मी याच्याखाली दोन रेघा मारतो.

कुठला गठ्ठा कोणाच्या नावावर, याची दप्तरं आहेत. सगळ्यात वर आयाना, तिच्याखाली पाच प्रादेशिक नोंदणी संस्था. आशिया-पॅसिफिकची ॲपनिक ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आहे, उत्तर अमेरिकेची एरिन, युरोपची राइप एनसीसी. यूट्यूबचा गठ्ठा रीतसर यूट्यूबच्या नावावर होता. म्हणजे सातबारा चोख होता. पण दवंडी ऐकणारा राउटर सातबारा मागतच नव्हता.

मागत नव्हता याला इतिहास आहे. बीजीपीचा पहिला आराखडा सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव रेख्टर यांनी जानेवारी १९८९ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला एका बैठकीदरम्यान, जेवणाच्या टेबलावरच्या कागदी रुमालांवर उतरवला. तेव्हा नेटवर्कं मोजकी होती आणि ती चालवणारे एकमेकांना नावाने ओळखत. ओळखीच्या गावात सातबारा कोण मागतो?

रात्री १२:१७

पाकिस्तान टेलिकॉमच्या राउटरवर त्या वेळी कोणाची बोटं होती याची चर्चा मी करत नाही, पण तो माणूस काय करत होता ते नीट कळतं, कारण आम्हीही तेच करतो. एखादा पत्ता आपल्या नेटवर्कमध्ये अडवायचा असेल तर त्यासाठी एक बारीक नोंद घालायची आणि तिचं टोक ‘नल’कडे वळवायचं. नल म्हणजे न भरणारी कचराकुंडी; तिकडे गेलेलं पॅकेट तिथेच संपतं, परत उत्तरही जात नाही. मग ती नोंद आपल्याच बाकीच्या राउटरांना बीजीपीतून कळवायची, म्हणजे देशभर एका झटक्यात लागू होते. पद्धत जुनी आहे, बरी चालते. पथ्य एकच: दवंडी घरातल्या घरात राहिली पाहिजे.

ती राहिली नाही. १७५५७ ने २०८.६५.१५३.०/२४ आपल्याकडे असल्याची दवंडी थेट पीसीसीडब्ल्यूच्या दारात पिटली. पीसीसीडब्ल्यूने ती ऐकली, ३४९१ गुंफला आणि जगाला सांगितली. पाकिस्तानात तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजून गेले होते, कॅलिफोर्नियात रविवार सकाळचे पावणेअकरा.

दोन मिनिटांच्या आत ती दवंडी जगभर पोचली.

आता कुठल्याही राउटरच्या डोक्यात शिरून बघा. त्याच्या यादीत दोन नोंदी आहेत. एक जुनी, /२२, यूट्यूबकडे नेणारी. एक ताजी, /२४, हाँगकाँगमार्गे पाकिस्तानकडे नेणारी. २०८.६५.१५३.२३८ साठी पॅकेट येतं. पहिली नोंद २२ बिटांपर्यंत जुळते, दुसरी २४ पर्यंत. राउटर क्षणभरही न घुटमळता पॅकेट पाकिस्तानकडे सोडून देतो. तिथे नल वाट बघत बसलेला.

तीन पत्ते, जे आदेशात होते, तेच नेमके जगाला यूट्यूबच्या नावासाठी मिळत होते. ब्राउझरमध्ये नाव टाकलं की डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा, इमानदारीने तिघांपैकी एक पत्ता देई. पत्ता बरोबर. पॅकेटवर तो छापलाही जाई बरोबर. ब्राउझर ‘आहे का कोणी?’ म्हणून पहिलं पॅकेट पाठवी, उत्तर येत नसे, पुन्हा पाठवी, पुन्हा गप्प. शेवटी कंटाळून पान उघडत नाही असं सांगून मोकळा होई. आपल्याकडे २००८ मध्ये सरकारी व्याख्येनुसार २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड. यूट्यूबचं ते गोल फिरणारं चाक बघत बसायची सवयच होती. मध्यरात्री जागून व्हिडिओ बघणाऱ्या इथल्या कोणी ‘आज नेट जास्तच स्लो आहे’ म्हणून मोडेम बंद-चालू केला असेल, तर त्याला दोष देता येणार नाही.

यूट्यूबच्या लोकांच्या बाजूनेही विचार करा. सर्व्हर बघितले तर ठीक. ताण शून्याकडे निघालेला. काही बिघडलेलं दिसत नाही, फक्त गिऱ्हाईक येत नाही. दुकान उघडं, दिवे लागलेले, माल भरलेला, आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर कोणीतरी ‘दुकान हलवले आहे’ असा फलक लावून ठेवलेला. आत बसून तो फलक दिसत नाही. बाहेरून, दुसऱ्याच्या राउटरवरून बघावं लागतं. हे आज सोपं आहे, तेव्हा इतकं सोपं नव्हतं.

प्रतिदवंडी

पुढचं मिनिटवार टिपण राइप एनसीसीमुळे मिळतं. ही संस्था जगभर ठिकठिकाणी कान लावून दवंड्या नोंदवून ठेवते. वेळा भारतीय घड्याळाच्या देतो.

१:३७. घटनेला ८० मिनिटं झालेली. यूट्यूबने स्वतः २०८.६५.१५३.०/२४ ची दवंडी पिटली. म्हणजे काट्याने काटा. गठ्ठा आता दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे इथे पहिल्यांदा माळेची लांबी आणि शेजारधर्म कामाला आला. जे नेटवर्क यूट्यूबच्या जवळ होतं त्याला खरी दवंडी पटली, जे पीसीसीडब्ल्यूच्या जवळ होतं ते पाकिस्तानच्या बाजूला राहिलं. अर्धवट सुटका.

१:४८. यूट्यूबने आणखी बारीक केलं: २०८.६५.१५३.०/२५ आणि २०८.६५.१५३.१२८/२५, एका /२४ चे दोन अर्धे तुकडे. नियमाप्रमाणे आता हीच नोंद जिंकायला हवी. जिथे पोचली तिथे जिंकलीही. पण सगळीकडे पोचली नाही. यादी बेसुमार फुगू नये म्हणून पुष्कळ नेटवर्कं /२४ पेक्षा बारीक दवंडी दारातच नाकारतात. तेव्हाही नाकारत, आजही नाकारतात, आम्हीही नाकारतो.

या ११ मिनिटांवर मी मुलांना थांबवतो आणि विचारतो, तुम्ही काय केलं असतं? बहुतेक जण म्हणतात, पाकिस्तान टेलिकॉमला फोन. बरोबर आहे, पण त्या माणसाशी तुमचा व्यवहार नाही, त्याचा नंबर तुमच्याकडे नाही, आणि तिथे मध्यरात्र उलटून गेलेली. ज्याच्या हातात खरी किल्ली होती तो मधला, पीसीसीडब्ल्यू.

२:२१. पाकिस्तानहून येणाऱ्या दवंड्यांच्या माळेत १७५५७ हा क्रमांक लागोपाठ दोनदा दिसू लागला. माळ मुद्दाम लांब करायची ही जुनी युक्ती आहे. रस्ता लांबचा वाटला की लोक तो टाळतात. आणखी काही नेटवर्कं यूट्यूबकडे वळली.

२:३१. पीसीसीडब्ल्यूने १७५५७ च्या स्वतःच्या सगळ्या दवंड्या मागे घेतल्या. /२४ ची खोटी नोंद जगाच्या याद्यांमधून गळाली. पाकिस्तानातली इतर नेटवर्कं, ज्यांच्या दवंड्या १७५५७ मधून फक्त पुढे जात होत्या, ती चालू राहिली. कोणीतरी भान ठेवून कात्री चालवली होती.

पहिल्या दवंडीपासून इथपर्यंत २ तास १४ मिनिटं. मंगळवारी, २६ तारखेला, पाकिस्तानने यूट्यूबवरची बंदीच उठवली.

चूक कोणाची

पाकिस्तानचं नाव फळ्यावर आलं की वर्गात हसू फुटतं. मग मी २५ एप्रिल १९९७ सांगतो. त्या दिवशी अमेरिकेतल्याच एका छोट्या कंपनीच्या राउटरने, नेटवर्क क्रमांक ७००७ ने, जगाचे गठ्ठे ऐकून घेतले, त्यांचे /२४ चे बारीक तुकडे केले आणि ‘हे सगळे माझ्याकडे’ अशी दवंडी पिटली. यूट्यूबच्या आधी ११ वर्षं, हाच नियम, हीच फसगत, आणि एका साइटऐवजी इंटरनेटचा मोठा हिस्सा कोलमडला. तेव्हा सरहद्दीचा इथे काही संबंध नाही.

तरी दोष द्यायचाच तर माझ्या हिशोबात तो तीन जागी वाटला जातो, सारखा नव्हे.

आदेश काढणाऱ्याचा थोडा. एका पानासाठी पत्ते देणं म्हणजे एका बिऱ्हाडाला नोटीस द्यायची म्हणून चाळीचा जिना तोडणं. आयपी ॲड्रेसला व्हिडिओ माहीत नसतो, पान माहीत नसतं. तो फक्त मशीनपर्यंत नेतो. एका पत्त्यामागे लाखो पानं असतात आणि आजच्या क्लाउडच्या जमान्यात एकमेकांशी घेणंदेणं नसलेल्या शेकडो साइट एका पत्त्यावर राहतात. पत्ता अडवला की शेजारीही अडकतात.

राउटरवर बसलेल्याचाही थोडा. घरातली दवंडी बाहेर जाऊ नये म्हणून तिच्यावर खूण करून ठेवायची सोय होती.

आणि सगळ्यात मोठा वाटा, माझ्या मते, पीसीसीडब्ल्यूचा. गिऱ्हाइकाच्या नावावर कुठले गठ्ठे आहेत ते वरच्या कंपनीला माहीत असतं, नसेल तर विचारता येतं. तेवढेच गठ्ठे ऐकायचे, बाकी दारात अडवायचे. याला आम्ही प्रीफिक्स फिल्टर म्हणतो. पाकिस्तान टेलिकॉम कॅलिफोर्नियातल्या कंपनीचे पत्ते आपल्याकडे आहेत म्हणते, ही गोष्ट फिल्टरच्या एका ओळीत अडली असती. टायपिंगची चूक कोणाचीही होते. चूक पुढे जाऊ न देणं हे वरच्याचं काम आहे, आणि त्यासाठीच तो पैसे घेतो.

हे मी उंटावर बसून बोलत नाही. आमच्या एका गिऱ्हाईक कंपनीने दुसरीकडूनही जोडणी घेतली होती. एका पहाटे तीनला माझ्या फोनने आकांत मांडला. त्यांच्या राउटरने त्या दुसऱ्या जोडणीवरून ऐकलेली जगाची सगळी यादी आम्हाला ऐकवायला सुरुवात केली होती, जणू अख्ख्या इंटरनेटचा रस्ता त्यांच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसातून जातो. त्यांना मंजूर गठ्ठे होते दोन. आमच्याकडे मर्यादा लावलेली होती दहाची. अकरावी दवंडी आली आणि आमच्या राउटरने त्यांच्याशी बोलणंच बंद केलं. सकाळी त्यांचा फोन आला, चांगल्या चढ्या आवाजात: तुमचं नेट बंद आहे. मी ऐकून घेतलं.

आज हेच झालं तर

दवंडीसोबत सातबारा जोडायची व्यवस्था आता आहे. २०११ पासून नोंदणी संस्था ती देऊ लागल्या, नाव आरपीकेआय. गठ्ठ्याचा मालक डिजिटल सही करून तीन गोष्टी जाहीर करतो: गठ्ठा कुठला, त्याची दवंडी पिटायचा हक्क कुठल्या क्रमांकाला, आणि जास्तीत जास्त किती बारीक तुकड्यांची दवंडी चालेल. ऐकणारा राउटर या सह्यांशी ताडून बघतो. विसंगत निघाली की दवंडी टाकून देतो. बड्या कंपन्या गेल्या काही वर्षांत असं तपासू लागल्या आहेत.

यूट्यूबने तेव्हा ‘२०८.६५.१५२.०/२२, क्रमांक ३६५६१, कमाल /२२’ अशी सही केली असती आणि जग ती तपासत असतं, तर १७५५७ ची /२४ जन्मतःच बाद ठरली असती. मात्र त्याच सहीने रात्री १:३७ ला यूट्यूबने स्वतः पिटलेली /२४ सुद्धा बाद केली असती, कारण ती कमाल मर्यादेपेक्षा बारीक. बरं, मर्यादा सैल ठेवून /२४ लिहावी, तर दुसरी गोम आहे. सही फक्त मूळ दवंडी कोणाची ते बघते, माळेतली मधली गावं खरी की खोटी ते बघत नाही. मुद्दाम फसवणारा माळेच्या टोकाला ३६५६१ लिहून बारीक /२४ पिटेल आणि सहीच्या नजरेत साव ठरेल. भोळी चूक पकडली जाते, लबाडी निसटू शकते. आणि लबाडी होते: एप्रिल २०१८ मध्ये ॲमेझॉनच्या डीएनएसचे पत्ते अशाच बारीक दवंड्यांनी पळवून एका क्रिप्टो वॉलेटच्या गिऱ्हाइकांना लुबाडलं गेलं.

उलट्या बाजूचं उदाहरण तुम्ही अनुभवलेलं आहे. सोमवार, ४ ऑक्टोबर २०२१, रात्री नऊनंतर व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम एकदम गप्प झाले आणि मध्यरात्र उलटून बराच वेळ गप्पच राहिले. कोणी काही पळवलं नव्हतं. देखभालीच्या कामातल्या एका आदेशाने फेसबुकची डेटा सेंटरं एकमेकांपासून तुटली, आणि ते बघून त्यांच्याच यंत्रणेने आपल्या डीएनएस सर्व्हरांच्या दवंड्या मागे घेतल्या. दवंडी थांबली तसे ते पत्ते जगाच्या याद्यांतून निघून गेले. मशीन होती. पत्तेही कागदोपत्री त्यांचेच होते.

आमच्याकडे गठ्ठा एकच, /२२. पूर्वी आम्ही तो सलग अनाउन्स करायचो. आता त्याचे चार /२४ करून चारही पिटतो, आणि सही करतो ती नेमक्या त्या चारांवर, कमाल /२४. जेवढं पिटतो तेवढंच सहीत, म्हणजे आमच्यापेक्षा बारीक तुकडा काढून मिरवायला जागा उरत नाही. जगाच्या यादीत आमच्यामुळे एका नोंदीच्या चार झाल्या, याची थोडी लाज वाटते.

परवा नव्या मुलाने हे सगळं वहीत उतरवून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “सर, पण कोणी /२५ पिटली तर?” सहीच्या मर्यादेत बसणार नाही, म्हणून जे तपासतात ते टाकून देतील, मी म्हटलं. “आणि जे तपासत नाहीत ते?” त्यांच्यातले बहुतेक जण /२४ पेक्षा बारीक ऐकूनच घेत नाहीत, यूट्यूबची /२५ ज्या दारांत अडली होती, तीच ही दारं. त्याने वहीत मागे जाऊन १:४८ भोवती गोल केला.